कोल्हापूरच्या रानात होले कुठं सापडतात, आणि ते खरंच कमी झालेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातल्या एका तरुणाचे आजोबा पूर्वी होल्यांच्या, म्हणजे कबुतराच्या कुळातल्या रानपाखरांच्या, शिकारीला जायचे. परदेशातले शिकारीचे व्हिडिओ बघून त्यालाही तसं जावंसं वाटतंय. त्याने विचारलंय की एअरगन पुरेल का, कोल्हापूरच्या आसपास चांगल्या जागा कुठल्या, आणि गावातली जाणती माणसं म्हणतात तसे व्हले, म्हणजे होलेच, खरंच कमी झालेत का.

दादा, शिकारीचा विषय आधी संपवतो, कारण अर्धवट माहितीवर पोरं त्यात अडकतात. भारतात होल्याची शिकार करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने ती बंद आहे, आणि या कायद्यात शिकार या शब्दात बरंच काही येतं. गोळी घालणं तर आलंच, पण फासा लावणं, जाळं टाकणं, दाणे टाकून पकडणं, हाकून आणणं, घरट्यातली अंडी फोडणं किंवा घरट्याला त्रास देणं हेही त्यात धरलेलं आहे. साध्या एअरगनला परवाना लागत नाही म्हणून तिने पाखरू मारलं तर चालतं, हा समज खेडोपाडी घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे. बेचकीनं मारलं तरी गुन्हा तोच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वापरलेलं हत्यार आणि गाडी जप्त होते ते वेगळंच. बांधावर कुणी फासे लावताना दिसलं तर स्वतः भांडत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर कळवा.

नेम धरायची हौस असेल तर ती मारून टाकू नका. नेमबाजीसाठी कोल्हापूरसारखा जिल्हा सापडायचा नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. रेंजवर जाऊन नाव घाला, घरच्यांनाही आनंद होईल.

तुम्ही बघितलेले व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असणार. तिथला होला वेगळ्या जातीचा, मॉर्निंग डव्ह. त्याचा हंगाम बऱ्याच राज्यांत १ सप्टेंबरला उघडतो, माणशी दिवसाला १५ पक्ष्यांची मर्यादा असते आणि वर्षाला मारलेल्या होल्यांचा आकडा एक कोटीच्या घरात जातो. हे तिथं चालतं ते हिशेबावर. पाखरांच्या पायात कडी घालायची, शिकाऱ्यांकडून मारलेल्या पक्ष्यांचे पंख मागवून त्यातली पिल्लं किती नि जुनी किती ते बघायचं, आणि त्यावरून पुढच्या वर्षीची मर्यादा ठरवायची. हा हिशेब त्यांनी ठेवला त्याला कारण आहे. त्याच देशात पॅसेंजर पिजन नावाचं कबूतर अब्जांच्या संख्येनं होतं. बंदुकीनं आणि जंगलतोडीनं ते संपलं, आणि शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. आपल्याकडे गावोगावच्या होल्यांचा असा हिशेब कुणीच ठेवलेला नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

आता जागांकडे येतो. आजोबांची पिढी ज्या खुणांवरून होल्यांपर्यंत पोचायची, त्याच खुणा दुर्बीण घेऊन जाणाऱ्यालाही लागतात. फक्त रान बदललंय, त्यामुळे खुणांचा अर्थ थोडा बदलून घ्यावा लागतो.

सगळ्यात आधी होल्याचे पाय बघा. तांबडे, आखूड, बारीक. या पायांनी त्याला माती उकरता येत नाही. कोंबडी किंवा तित्तर पाला विस्कटून खालचा दाणा काढतात, होला तसं करत नाही. वरच्या वर, मोकळ्या जमिनीवर उघडा पडलेला दाणा तो चोचीनं टिपतो. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली की अर्धं काम झालं. पीक कितीही जोमात असलं तरी उभ्या दाट पिकात होला उतरत नाही. पाचटानं झाकलेल्या उसाच्या फडात त्याला काही मिळत नाही. त्याला लागतं ते नुकतं काढणी झालेलं रान, जिथं ढेकळांमध्ये दाणा सांडलेला आहे आणि मधली जमीन दिसते आहे. किंवा मग बैलगाडीची जुनी चाकोरी, पाणंद, मळणी झालेली जागा, धान्याच्या गोडाऊनसमोरचं पटांगण.

दुसरी खूण पाण्याची. कोरडं बी खाणाऱ्या पाखराला रोज पाणी लागतंच. होला पाणी पितो ते बघण्यासारखं असतं. तो थेट काठावर उतरत नाही. आधी जवळच्या बाभळीवर नाहीतर तारेवर येऊन बसतो आणि बराच वेळ नुसता बघत राहतो. मग काठापासून चार-सहा हात लांब, मोकळ्या जमिनीवर उतरतो, पुन्हा मान ताठ करून थांबतो, आणि मान पुढंमागं करत चालत पाण्याशी जातो. चिमणी घोट घेऊन मान वर करते, तसं याला करावं लागत नाही. चोच पाण्यात बुडवली की एका दमात ओढून घेतो आणि उडतो. म्हणून होल्याचा आवडता पाणवठा म्हणजे उतरता, बोडका काठ असलेला. गवत नि लव्हाळ्यानं गच्च भरलेल्या काठावर तो सहसा पित नाही, कारण तिथं मांजर नाहीतर मुंगूस दबा धरून बसलेलं दिसत नाही.

तिसरी खूण रात्रीच्या झाडाची. बाभूळ, चिंच, आंबा, बांबूचं बेट. दिवस मावळायच्या आधी अर्धा तास एखाद्या उंचवट्यावर उभं राहून होले कुठून कुठं जातायत ते बघितलं, की सकाळी त्याच वाटेनं ते उलटे येणार हे कळतं. चारा, पाणी आणि झाड या तीन ठिकाणांना जोडणाऱ्या वाटेवर, ऊन पाठीशी घेऊन एका जागी बसून राहा. फिरत बसलात तर पाखरं उडवत जाल. सूर्योदयापासून साधारण नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर, या वेळा चांगल्या. मधल्या उन्हात ते सावलीत गप्प बसतात.

जागा सांगायच्या तर जिल्ह्याचे दोन भाग करून विचार करा. पूर्वेचा कोरडा, काळ्या मातीचा पट्टा आणि पश्चिमेचा घाट. मोकळ्या रानातल्या होल्यांसाठी पूर्वेलाच जायचं. शिरोळ, हातकणंगले आणि तुमच्या कागलच्या पूर्वेकडच्या गावांत जिथं अजून शाळू पेरतात, तिथं फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाल्यावर आठ-पंधरा दिवस होल्यांची चंगळ असते. आळत्याजवळचा रामलिंगचा डोंगर आणि कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर, यांच्या पायथ्याची झुडपं आणि त्याला लागून असलेली जिरायती शेतं ही माझ्या आवडीची. सकाळी लवकर जा, देवदर्शनाची गर्दी वाढायच्या आत.

शहरात राहून बघायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाचा परिसर सगळ्यात सोयीचा. तलाव, झाडी आणि मोकळं गवत एकाच कुंपणात आहे. कळंब्याचा तलाव उन्हाळ्यात आटून काठ उघडा पडला की पाण्यावर येणारे होले तिथं निवांत बघता येतात. रंकाळ्यावर माणसांची वर्दळ फार, तिथं खास होल्यांसाठी जाऊ नका.

पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडे गेलात की माणसाळलेल्या होल्यांबरोबर जंगलातला पाचू कवडा भेटतो. पाठ आणि पंख हिरवे चमकदार, चोच लालभडक. दाजीपूर-राधानगरी अभयारण्यात सकाळी पहिल्यांदा गाडी गेली की रस्त्याच्या कडेला दाणे टिपणारा पाचू कवडा जमिनीलगत, झाडांच्या खोडांमधून बाणासारखा निघून जातो. बसलेला बघायचा असेल तर गाडीतून उतरून थांबावं लागतं, आणि अभयारण्यात तशी परवानगी कुठं आहे ते गेटवर विचारूनच. हिवाळ्यात घाटमाथ्याच्या बाजूला एक मोठा होलाही पाहुणा येतो. त्याच्या पाठीवर माशाच्या खवल्यासारखी तांबूस किनारीची नक्षी असते. तो दिसला तर फोटो काढून ठेवाच.

आणि हरियाल. आपल्या राज्याचा पक्षी, पिवळ्या पायांचा. हाही कबुतरांच्याच कुळातला, पण फळांवर जगणारा, त्यामुळे जमिनीवर शोधू नका. पिकलेल्या उंबरात, वडात, पिंपळात बघा. पानांत असा मिसळतो की उडेपर्यंत झाडात कुणी आहे हे कळत नाही.

आता कमी झालेत का, यावर. या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण होला म्हणजे एक पाखरू नाही. आपल्या शेतशिवारात चार जाती मुख्य आहेत आणि चौघांची वाट वेगवेगळी चालली आहे.

मानेच्या मागं काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके असलेला ठिपक्यांचा होला. याला झाडी, बागा, घरांची परसं आवडतात. शहरात आणि गावाच्या गावठाणात तो मला पूर्वीपेक्षा जास्त दिसतो. बारीक अंगाचा, लांब शेपटीचा, गळ्यावर तांबूस-काळे ठिपके असलेला तपकिरी होला. तो घराच्या ग्रिलमध्ये, मीटरच्या पेटीवर, कुंडीत कुठंही चार काटक्या टाकून घरटं करतो. घरटं इतकं विरळ की खालून बघितलं तर दोन पांढरी अंडी दिसावीत. साधारण दोन आठवड्यांत अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात, आणि हे वर्षातून बऱ्याचदा. शहराशी यानंही जमवून घेतलंय. तिसरा पठाणी होला, फिकट राखी, मानेमागं काळी अर्धी कडी. हा मोकळ्या कोरड्या रानाचा, तारांवर बसणारा. चौथा लाल होला, चौघांत लहान, आखूड शेपटीचा. याच्या नराचं अंग विटकरी नि डोकं राखी, तर मादी तपकिरी, जी घाईत बघितली तर पठाणी होला वाटते. लाल होला कोल्हापुरात मुळातच थोडा होता. पूर्वेच्या शेतांत तो आता मला क्वचितच दिसतो, आणि पठाणी होल्याचे मोठे थवेही विरळ झालेत.

म्हणजे शहरातला माणूस म्हणतो वाढले, शिवारातला म्हातारा म्हणतो गेले, आणि दोघेही आपापल्या जागी खरं सांगतायत.

शिवारात ते का घटले याची कारणं बंदुकीपेक्षा पिकात जास्त आहेत. धरणं आणि उपसा जलसिंचन आल्यावर ज्वारी-बाजरीची रानं उसाखाली गेली. वर सांगितल्याप्रमाणे उसाच्या फडात होल्याला जमिनीवर दाणा मिळत नाही. उसाच्या जोडीला सोयाबीन आलं. पूर्वी प्रत्येक मळ्यात खळं असायचं, कणसं वाळत पडायची, बैल फिरायचे, वाऱ्यावर उपणणी व्हायची आणि आठवडाभर दाणा सांडत राहायचा. आता मळणी यंत्र येतं आणि दोन तासांत काम उरकून जातं. शेतकऱ्याचं त्यात भलंच झालंय, मजूर मिळत नाहीत हे मलाही दिसतं. पण होल्याचं एक मोठं जेवणघर त्यात बंद झालं. त्यातून तणनाशक आलं. बांधावरच्या गवताचं, तांदुळजाचं, तणांचं बारीक बी हा होल्याचा पिकांच्या मधल्या काळातला आधार होता, तोच गेला. बांध कोरून कोरून नांगरटीत गेले आणि त्यांच्यावरच्या बाभळी-बोरी तुटल्या, मग घरटं कुठं करणार? औषध लावलेलं बियाणं पेरताना वर उघडं राहिलं तर तेही टिपलं जातं. आणि ज्या माळांवर पूर्वी गुरं चरायची त्यांतल्या कितीतरी माळांवर आता कारखान्यांच्या शेड आणि प्लॉटिंग आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. युरोपातला टर्टल डव्ह नावाचा होला १९८० नंतर तिथं साधारण ८० टक्क्यांनी घटला, आणि त्याचं मोठं कारण शेतातल्या तणांचं बी नाहीसं होणं हेच मानलं जातं. त्यावर शिकारीचा भार होताच. २०२१ मध्ये फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालने शिकार थांबवली, तेव्हा पश्चिमेकडच्या वाटेनं जाणाऱ्या होल्यांची संख्या पुन्हा वाढायला लागली. रान आधीच आखडलेलं असताना थोड्या बंदुकाही किती जड जातात, हे यातून दिसतं. आपल्याकडे एअरगनवाल्यांना थांबवायला मी एवढा आग्रही का, त्याचं कारण हेच. आणि आपला पठाणी होला त्याच विसाव्या शतकात युरोपभर पसरला आणि १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये घरटी करायला लागला. एकाच कुळातला एक बुडतो नि एक पसरतो, म्हणून जात ओळखून मोजणं याला पर्याय नाही.

भारतभराचं चित्र बघायचं तर २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा विचार केला आहे. त्यांतल्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल काढता आला, आणि त्यांपैकी २०४ घटलेल्या निघाल्या. मोकळ्या रानातल्या पाखरांची घट त्यात ठळक आहे. उलट पारवा, म्हणजे इमारतींवरचं कबूतर, जोरात वाढलंय. भवानी मंडपाच्या आसपास उभं राहिलं की अहवाल वाचायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र जपून ऐका. तुमचे आजोबा सांगत असतील की उन्हाळ्यात अमुक ओढ्याच्या डोहावर शेकड्यांनी व्हले यायचे. ते खरं आहे. पण तेव्हा दोन-दोन मैलांत तो एकच डोह पाणी धरून असायचा, म्हणून सगळ्या रानातले होले तिथं गोळा व्हायचे. आता नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, शेततळी आहेत, पाइपलाइनच्या गळतीचं पाणी आहे. होले विखुरले. डोहावर दहा दिसले म्हणजे शेकड्यातले नव्वद मेले, असा हिशेब मांडता येत नाही. जुन्या आठवणीतून थव्याचा आकडा घेण्यापेक्षा आजोबांना हे विचारा की तेव्हा शिवारात कुठली पिकं होती, लाल होला दिसायचा का, कुठल्या महिन्यात, रात्री कुठल्या झाडावर बसायचे. ते सगळं वहीत लिहून घ्या, ओढ्याच्या आणि माळाच्या नावासकट. तुमच्या गावचं एवढं जुनं टिपण दुसरीकडे कुठं मिळणार नाही.

आणि मग आजची मोजणी सुरू करा. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी) पुरे, महागडी नको. गावाजवळच्या दोन-तीन जागा ठरवा: एक शाळवाचं रान, एक पाणवठा, एक गावठाण. महिन्यातून एकदा, त्याच वेळेला, प्रत्येक जागी पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि चारही होले वेगवेगळे मोजायचे. एकही दिसला नाही तर शून्य लिहायचं, शून्यालाही तेवढीच किंमत आहे. होल्यांबरोबर जे जे पाखरू दिसलं-ऐकलं ते सगळं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर यादीत भरा, कारण पूर्ण यादी असेल तरच ती कल काढायला उपयोगी पडते. वर सांगितलेला अहवाल अशाच हजारो साध्या लोकांच्या याद्यांवर उभा आहे. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, तेव्हा शाळेतल्या पोरांना बरोबर घेता येईल.

पहिली खरी मोजणी शाळवाच्या काढणीच्या आधी एकदा आणि नंतर आठवड्याने एकदा करा. दोन्हींत पडणारा फरक बघितला की दाण्याचा नि होल्याचा संबंध लगेच कळेल. थवा तारेवर बसला असेल तर आधी शेपट्या बघत जा. बारीक अंग नि लांब शेपटी तपकिरी होल्याची, आखूड शेपटी नि लहान अंग दिसलं तर तिथं थांबून नीट बघा, लाल होल्याची मादी असू शकते. लाल होला सापडला तर नर-मादी वेगळे लिहा, पीक कुठलं होतं ते लिहा, आणि शेताच्या मालकाला सांगून कडेची बाभूळ तेवढी या हंगामात तोडू नका म्हणून विनंती करा.